समुद्रातील तेलवाहिन्या आणि निसर्गाचा किरणोत्सर्ग

आणे पठारावर आमच्या घरी पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून पांढरा, खरबरीत थर धरतो. विहिरीच्या जड पाण्यात विरघळलेले क्षार उष्णतेने अलग होतात आणि भांड्याला चिकटून बसतात. आई चिंच लावून तो थर घासून काढते आणि विषय तेथेच संपतो. समुद्राच्या तळावरून तेल व वायू वाहून नेणाऱ्या नळांतही असाच क्षारांचा थर साचतो. तो मात्र इतक्या सहजी घासून टाकता येत नाही. असे का, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात तेलाचा शोध लावला. ‘बॉम्बे हाय’ हे नाव तेव्हा घराघरांत पोचले. मे १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आणि १९७८ पासून समुद्रतळावरील वाहिन्यांतून तेल व वायू उरणला येऊ लागले. या गोष्टीला आता जवळजवळ अर्धे शतक होत आले. लोखंड झिजते, विहिरी आटतात आणि केव्हातरी सारा संसार आवरावा लागतो. ताप्ती वायुक्षेत्रातील उत्पादन २०१६ मध्ये थांबले व तेथील मंच काढण्याचे काम हाती घेण्यात आले. समुद्रातील अशा सोयी मोडीत काढण्याचा भारतातील तो पहिलाच प्रकल्प होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पृथ्वीच्या सर्व खडकांत युरेनियम व थोरियम ही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ती कमी, तर ग्रॅनाइटात अधिक असतात. युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे साडेचारशे कोटी वर्षांचे आहे. त्याचा क्षय होत असता रेडियम निर्माण होते. युरेनियम खडकातच राहते. परंतु रेडियम खडकांतील खाऱ्या पाण्यात उतरते. तेलाबरोबर हे पाणीही वर येते आणि विहीर जसजशी जुनी होते तसतसे त्याचे प्रमाण वाढत जाते.

तेल वर ढकलण्यासाठी खडकात समुद्राचे पाणी दाबाने सोडण्याची पद्धत आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते, तर भूगर्भातील पाण्यात बहुधा बेरियम असते. ही दोन पाणी एकत्र आली की बेरियम सल्फेटचा कठीण, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा थर नळात धरू लागतो. रासायनिक दृष्ट्या रेडियम हे बेरियमचे भावंडच! तेही त्याच थरात जाऊन बसते. खडकात कणाकणाने विखुरलेले द्रव्य अशा रीतीने एका जागी गोळा होते.

सर्वसाधारण मातीत रेडियमचे प्रमाण ग्रॅममागे सुमारे ०.०३ बेकरेल असते. (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन.) आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २००३ च्या अहवालात नळांतील थरांसाठी हे प्रमाण ग्रॅममागे ०.१ पासून १५,००० बेकरेलपर्यंत दिले आहे. प्रत्येक क्षेत्राचे खडक आणि पाणी निराळे. म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी लावता येत नाही. मोजावेच लागते.

वायूच्या वाहिनीत आणखी एक फसवा प्रकार आढळतो. रेडियमपासून होणारा रेडॉन हा वायुरूप असल्याने तो नैसर्गिक वायूबरोबर वाहतो. त्याचे अर्धायुष्य अवघे ३.८ दिवस, पण त्याच्या क्षयातून होणारे शिसे-२१० सुमारे २२ वर्षांच्या अर्धायुष्याचे असते आणि ते नळाच्या आतील पृष्ठावर पातळ पापुद्र्यासारखे बसते. त्याचे क्षीण किरण लोखंडाबाहेर पडत नाहीत. त्यामुळे बाहेरून उपकरण लावले तर नळ निर्दोष भासतो.

मग धोका कोणाला? गॅसवर भाकरी भाजणाऱ्या गृहिणीने भिण्याचे कारण नाही. नळ बंद असेतो थर आत असतो. नळ कापला, घासला, ठोकला की त्याची धूळ उडते. रेडियम व त्याच्या वंशजांचे अल्फा कण साध्या कातडीने अडतात. पण तीच धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेली तर ते कण आतून मारा करीत राहतात. म्हणजे धोका आहे तो कटर चालविणाऱ्या, भंगार उचलणाऱ्या मजुराला. त्याला यांतले काही दिसत नाही आणि कशाचा वासही येत नाही.

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात हार्वे येथे तेलविहिरींचे वापरलेले नळ वर्षानुवर्षे साफ केले गेले आणि त्यांतील रेडियमयुक्त थर जमिनीत मिसळला. २००१ मध्ये तेथील ज्यूरीने जमीनमालकांना एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. पुढे ती रक्कम कमी झाली. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण तोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. तो किरणोत्सर्ग मानवनिर्मित आणि कितीतरी प्रखर होता. दोन्ही प्रकार एका मापाने मोजू नयेत. परंतु न मोजता भंगार विकल्याने काय होते, हा धडा दोहोंतही एकच आहे.

वापर संपलेल्या वाहिनीचे दोन मार्ग असतात: धुऊन समुद्रतळाशीच ठेवणे किंवा वर काढून किनाऱ्यावर आणणे. तळाशी ठेवल्यास लोखंड केव्हातरी गंजून फुटणार. रेडियमचे अर्धायुष्य मात्र १६०० वर्षांचे! वर काढल्यास थराची विल्हेवाट आणि मजुराची सुरक्षा हे प्रश्न उभे राहतात. सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र नळाला कटर लावण्यापूर्वी त्याची आतून तपासणी झाली पाहिजे, कामगाराला धोका त्याच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे, धूळ उडू नये म्हणून काम ओले ठेवले पाहिजे आणि निघालेल्या थराची नोंद राहिली पाहिजे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून कार्यरत आहे. तेव्हा ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. थर कसा बनतो हे रसायनशास्त्र सांगेल. तो कोणाच्या फुप्फुसात जाऊ द्यायचा नाही, हे समाजाने ठरवावयाचे असते. निसर्गाने जे विखरून ठेवले ते आपण आपल्या सोयीसाठी गोळा केले. पन्नास वर्षे त्या वाहिन्यांचा लाभ आपण घेतला. त्यांची शेवटची आवराआवर अज्ञानी मजुराच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.