त्रिमितीय प्रतिमा : पाहावी कशी, पारखावी कशी

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सी.टी. स्कॅन यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला, तेव्हा हाती आले ते काप. त्यांवरून अखंड अवयव मनात उभा करणे हे डॉक्टरांचे कौशल्य होते. आज ते काम संगणक करतो; रुग्णाची कवटी पडद्यावर माऊसने फिरवता येते. परंतु ती कवटी म्हणजे छायाचित्र नव्हे. ती आकड्यांवरून रचलेली असते.

रचना : कापांतील प्रत्येक घनकणाला, म्हणजे व्हॉक्सेलला, घनतेचा आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००, तर हाड पाण्याच्या बरेच वर. पृष्ठभाग-चित्रणात आपण एक उंबरठा-मूल्य ठरवतो आणि त्या सीमेवर संगणक त्रिकोणांचे कवच विणतो. लोरेन्सन व क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली 'मार्चिंग क्यूब्ज' पद्धती ती हीच. घन-चित्रणात प्रत्येक आकड्याला रंग व पारदर्शकता दिली जाते. त्यामुळे त्वचा विरळ करून आतील हाड दाखवता येते.

हाताळणी : फिरवणे, सरकवणे, जवळ आणणे आणि छेदप्रतलाने कापून आत डोकावणे, ही मुख्य साधने. फिरवताना डावे-उजवे भान सुटते, म्हणून कोपऱ्यातील दिशादर्शक खुणेवर नजर ठेवावी. यथादर्शन दृश्यात जवळचे मोठे दिसते. म्हणून मापे मूळ कापांवरच घ्यावीत.

खरी मेख : नेत्रगुहेचा तळ अतिशय पातळ असतो. एकाच व्हॉक्सेलमध्ये हाड व हवा दोन्ही आली की आकड्यांची सरासरी होते, ती उंबरठ्याखाली जाते आणि निरोगी हाडात भोक दिसते. उंबरठा खाली आणला की भोक बुजते. पण त्याबरोबर एखादी खरी बारीक चीरही बुजू शकते. अस्थिभंग असा पडद्यावर उमटतो वा नाहीसा होतो; रुग्णाच्या हाडात मात्र काहीच बदललेले नसते.

म्हणून संशय येताच तिन्ही प्रतलांतील काप पाहावेत. 'थ्रीडी स्लायसर' या मोफत संगणकप्रणालीत काप व त्रिमितीय दृश्य शेजारी-शेजारी ठेवता येतात. ती निदानासाठी प्रमाणित नाही. परंतु अभ्यासासाठी उत्तम आहे.

शस्त्रक्रियेची आखणी करण्यास आणि नातेवाइकांना समजावण्यास त्रिमितीय चित्र फार उपयोगी पडते. वाचकांनीही एवढे ध्यानात ठेवावे : अहवालासोबतचे रंगीत चित्र म्हणजे एका कोनातून, एका उंबरठ्यावर घेतलेले दर्शन. तपासणीची सीडी जपून ठेवावी आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तीच न्यावी. चित्र समजावते, निर्णय कापांवरच व्हावा.