गाडीत दम आहे गं, गिअर चुकला

अगं, काल फोनवर तू रडकुंडीला येऊन म्हणालीस, "अक्का, त्र्याऐंशी हॉर्सपॉवर म्हणून पेट्रोल स्विफ्ट घेतली आणि उसाचा ट्रॅक्टर ओलांडता येईना!" आधी मला हसू आलं. मग समोरून एसटी येत होती म्हणालीस, तेव्हा पोटात गोळा आला. म्हणून हे आज बोलतेय.

मला आधी सांग, तो ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा असेल? पंचेचाळीस-पन्नासचा. तुझ्या गाडीच्या अर्ध्याहून थोडा जास्त. तरी दोन ट्रॉल्या ऊस ओढतो की नाही? म्हणजे नुसत्या त्या आकड्यावर काही ठरत नाही.

गेल्या महिन्यात पंक्चर काढताना नट हलेना, तेव्हा तू पान्यावर पाय देऊन उभी राहिलीस, आठवतंय? तू पन्नास किलोची, पाना वीतभर. तेवढ्यानं नटाला जो पीळ बसला तो साधारण ११३ न्यूटन मीटर. कंपनीनं तुझ्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क नेमका तेवढाच लिहिलाय! खोटं नाही सांगत. फरक एवढाच, की तुझा पाना एकदा अर्धा वेढा फिरला आणि इंजिन तोच पीळ ४२०० आरपीएमला देतं, म्हणजे सेकंदाला सत्तर वेढे. पीळ म्हणजे टॉर्क, आणि तो पीळ किती वेगानं फिरतोय त्याचा हिशेब म्हणजे हॉर्सपॉवर. तुझे ते ८३ घोडे ६००० आरपीएमला जमतात. तू तिथवर कधी काटा नेलायस? आवाज वाढला की घाबरून वरचा गिअर टाकतेस.

आता कालचं बघ. ट्रॅक्टरच्या मागे तू चाळीसवर आलीस आणि गिअर चौथाच ठेवलास. काटा दीड हजाराच्याही खाली. निम्म्याहून जास्त घोडे तर तबेल्यातच झोपलेले. वर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ जवळपास जसाच्या तसा पुढे जातो, दुसऱ्यात तो जवळजवळ दुप्पट होऊन जातो. मग डिफरन्शियल त्याला आणखी चौपट करतं, पण ते दोन्ही गिअरना सारखंच. त्या ट्रॅक्टरचं गुपितही हेच: गिअर इतके खालचे की चाकाला पीळ प्रचंड, वेग मात्र बैलगाडीचा. फुकट काही मिळत नाही बाई.

म्हणून ओलांडायचं ठरलं की आधी दुसरा टाक, काटा अडीच हजाराच्या वर जाऊ दे, मगच बाहेर निघ. आवाज होईल, होऊ दे. तो इंजिनाचा त्रास नाही, काम आहे. उलट चौथ्यात घरघरत ओढणं त्याला जास्त जाचतं. पण ऐंशीवर असताना दुसरा टाकू नकोस हं, तिथं तिसरा पुरे.

आणि मामाच्या जुन्या डिझेल स्विफ्टशी तुलना बंद कर. तिची ताकद पंच्याहत्तरच, तुझ्याहून कमी. पण १९० न्यूटन मीटर टॉर्क दोन हजारालाच हाताशी. म्हणून मामा गिअर न बदलता पुढे जातो आणि वर तुला शिकवतो. त्याचं ऐकायचं असेल तर गाडीही त्याचीच चालव.

गाडीत चौघं आणि डिकीत गड्ड्याच्या जत्रेतली खरेदी असली तर तोच पीळ जास्त वजनावर वाटला जातो, तेव्हा ओलांडायला जागा लांबच धर.

रविवारी सकाळी सहाला तयार राहा, तुळजापूरला जाऊ, वाटेत घाट लागतो. चढ लागायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, गाडी धापा टाकायला लागल्यावर नाही, एवढंच तुझ्याकडून घाटभर करून घेणार आहे. आईला सोबत घेऊ नकोस, ती प्रत्येक आवाजाला "हळू गं" म्हणते.