पिकांचें चलच्चित्र व प्रकाशाचें माप

पिकावरील रोगाचें चलच्चित्र काढून तें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांतील अथवा बाभळेश्वरच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांस दाखविण्याची सोय डिजिटल कॅमेऱ्यानें झाली आहे. परंतु चित्रांत प्रकाश फार आला तर हिरवें पान पिवळट दिसतें व कांद्याच्या पातीवरील जांभळा करपा फिका पडतो. कमी आला तर सर्वच डाग काळे दिसतात. अशा चित्रावरून दिलेला सल्ला चुकल्यास औषधाचा पैसा व हंगाम दोन्ही वायां जातात. म्हणून प्रकाशाचें माप कसें जमवावें तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

चूक कोठें होते?

कॅमेऱ्यांतील स्वयंचलित मापक समोरील दृश्य मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतें. प्रवरेच्या कालव्याखालील काळ्या रानांत लहान रोपें असतां, जमिनीचा काळेपणा तें अंधार समजतें व प्रकाश वाढवितें. रोपें पांढुरकीं निघतात. उलट पारनेरच्या माळावर पिकामागें उघडें आकाश असलें, अथवा कापसाचीं बोंडें फुटलेलीं असलीं, कीं तें प्रकाश घटवितें व पानें काळवंडतात. म्हणून पहिल्या ठिकाणीं प्रकाश एक पायरी कमी व दुसऱ्या ठिकाणीं एक पायरी जास्त करून पाहावा. एक पायरी म्हणजे प्रकाशाची निमपट किंवा दुप्पट.

मापें जमविण्याचा क्रम

१. झडप : सेकंदास २५ चित्रें घेतांना झडपेचा वेग १/५० सेकंद ठेवावा. हालचाल स्वाभाविक दिसते. शिवाय आपली वीज ५० आवर्तनांची असल्यानें गोठ्यांतील दिव्याखालीं चित्र लुकलुकत नाहीं.

२. संवेदनक्षमता : उन्हांत आयएसओ १०० ठेवावा. तो विनाकारण वाढविल्यास चित्रांत दाणे उठतात व ते बारीक डागांसारखे भासतात.

३. छिद्र : वरील मापांस स्वच्छ उन्हांत एफ/२२ इतकें बारीक छिद्र लागतें, व त्यानें रेखीवपणा घटतो. यास्तव प्रकाशाचा सोळावा हिस्साच आंत सोडणारी एनडी १६ ही करडी काच भिंगापुढें लावून छिद्र एफ/५.६ करावें. सावलींत काच काढावी.

४. पडताळा : अति उजेडाच्या भागावर पट्टे दाखविणारी झेब्रा ही सोय असल्यास ती सुरू करावी. पट्टे पानावर आले तर प्रकाश कमी करावा. आकाशावर आले तर हरकत नाहीं.

मोबाइलवाल्यांनीं पानाच्या जागीं बोट दाबून धरावें. बहुतेक यंत्रांत त्यानें माप कायम होतें. मग बोट वरखालीं सरकवून प्रकाश कमीजास्त करावा.

रोज चित्र घेतांना

त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं कुंडींतील वाटाणा रुजून वेल होईपर्यंतचें चित्रण महिन्याहून अधिक काळ रोज थोडें थोडें करून केलें होतें. औषधाचा गुण याच रीतीनें तपासतां येतो. मात्र वेळ, अंतर व मापें रोज तींच पाहिजेत. नाहींतर केवळ उजळ निघालेलें रोप सुधारलें असें वाटेल. ढगाळ दिवशीं माप पुन्हां जमवावें.

सर्वांत सोपा उपाय असा कीं, रोगट पानाशेजारीं त्याच वाणाचें निरोगी पान धरून चित्र घ्यावें. निरोगी पान डोळ्यांस दिसतें तसेंच चित्रांत दिसलें, तर रोगट पानाच्या रंगावरही भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं.