प्लग बदलल्यावर इंजिन ठोका कां चुकवितें ?

पेट्रोलवर चालणारें लहान इंजिन आतां आपल्या बीड जिल्ह्यांत नवलाचें राहिलेलें नाहीं. कपाशीवर औषध मारण्याचा पाठीवरचा फवारा, कोळपणीचें यंत्र, शेततळ्यांतून पाणी उपसण्याचा पंप आणि बाजारास नेणारी मोटारसायकल, या सर्वांस एकाच जातीच्या प्लगाची ठिणगी चालविते. ‘मागेल त्याला शेततळें’ ही सरकारी योजना २०१६ सालीं निघाल्यापासून तर असे पंप जागोजागीं दिसूं लागले. हंगामाच्या तोंडीं ‘प्लग जुना झाला, नवा घालावा’ असें म्हणून आपण तो बदलतों, आणि पुष्कळदां असा अनुभव येतो कीं, काल बरें चालणारें इंजिन आज नव्या प्लगावर अडखळूं लागतें. यासच आपण ‘इंजिन मिस मारतें’ असें म्हणतों. हा दोष घरच्या घरीं कसा ओळखावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ज्या बंधूंकडे डिझेलचें इंजिन आहे त्यांस हें विवेचन लागू नाहीं. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या व तत्सम इंजिनांमुळें आपल्या वडील पिढीचा हात डिझेलवरच बसला. डिझेल इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. तेथें ठिणगी नाहीं, अर्थात् प्लगही नाहीं. तें ठोका चुकवूं लागल्यास दोष बहुधा तेलाच्या नळींत शिरलेल्या हवेंत किंवा नोझलांत शोधावा लागतो.

आतां प्रथम माझाच अनुभव सांगतों. सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या ऐन वेळीं पावसानें ओढ दिली होती. शेततळ्यांत पाणी होतें, तीन इंची पेट्रोल पंप होता, आणि एक पाणी मिळालें तर पीक हातीं येईल अशी स्थिति होती. चिरंजीवांनीं पंप बाहेर काढतांना तेल बदललें, हवेची गाळणी साफ केली आणि तालुक्याच्या गांवाहून आणलेला नवा प्लग बसविला. पंप सुरू झाला. परंतु पाण्याचा भार पडतांच ठोके चुकूं लागले, धूर काळा येऊं लागला, आणि पाइपाच्या तोंडीं पाणी उसळ्या घेऊं लागलें. मिस्त्री आला. त्यानें कार्बुरेटर खोलला, धुतला, पेट्रोल बदललें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. पुन्हां कार्बुरेटर खोलला. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं मी जुना प्लग केरांतून शोधून आणला आणि नव्याच्या शेजारीं उभा धरला. दोहोंची जाडी एक, आटे एक, पाना एकच लागे. परंतु नव्याचा आट्यांचा भाग सहा मिलिमीटरनें आंखूड होता. जुना प्लग पुसून परत बसविला. पंप रात्रभर बिनचूक चालला. मधले तीन दिवस मात्र गेले ते गेले, आणि शेताच्या वरच्या अंगाच्या शेंगा पोचट राहिल्या.

मी कित्येक वर्षें तहसील कचेरींत कारकून होतों. सात-बाराच्या उताऱ्यावरून तंटा निघाला म्हणजे आम्ही पन्नास वर्षांचें दप्तर एकदम उकरीत नसूं. प्रथम गांव नमुना सहा काढून शेवटचा फेरफार कोणता व तो कोणत्या कागदावरून झाला, हें पाहत असूं. उतारा कालपर्यंत बरोबर होता आणि आज चुकला, तर मधल्या नोंदींतच चूक असण्याचा संभव सर्वांत अधिक. ही रीत मला ठाऊक असूनही, माझ्या स्वतःच्या पंपाच्या बाबतींत मला ती तिसऱ्या दिवशीं सुचली, हें कबूल केलें पाहिजे.

म्हणून पहिला नियम असा कीं, नवा प्लग बसवून इंजिन अर्धा तास भारावर चालेपर्यंत जुना प्लग टाकूं नये. ठोका चुकूं लागला तर दुसऱ्या कशासही हात न लावतां जुना प्लग परत घालून पाहावा. दोष गेला, तर तो नव्या प्लगांत किंवा तो बसविण्यांत होता, हें पांच मिनिटांत ठरलें. दोष तसाच राहिला, तर तो टोपींत, तारेंत, किंवा त्याच दिवशीं हात लागलेल्या दुसऱ्या एखाद्या जागीं आहे. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. प्लग, पेट्रोल व कार्बुरेटर हीं तिन्हीं एकदम बदललीं, आणि इंजिन सुधारलें तरी, कशानें सुधारलें हें कधींच कळत नाहीं.

प्लगाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गोट्लोब होनोल्ड या इंजिनिअरानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याजोगा प्लग तयार केला. मूळ रचना आजही तीच आहे. मधोमध एक दांडी, तिच्याभोंवतीं चिनीमातीची नळी, बाहेर आट्यांचें लोखंडी कवच आणि टोकाशीं वांकविलेली पट्टी. दांडी व पट्टी यांमधील फटींतून हजारों व्होल्टची वीज उडी घेते. चार धावांचें इंजिन मिनिटास ३६०० फेरे घेत असेल, तर अशा १८०० ठिणग्या मिनिटास, म्हणजे सेकंदास तीस, वेळेवर पडाव्या लागतात. त्यांतील चार-दोन चुकल्या तरी कानास कळतें.

नव्या प्लगाचा पहिला दोष म्हणजे तो त्या इंजिनाचा नसणें. दुकानदार आटे जुळवून प्लग देतो. पण अक्षरें व आंकडे जुळविले पाहिजेत. एनजीके कंपनीचा बीपीआर६ईएस हा अंक घ्या. पंपाच्या पुष्कळ इंजिनांस तो लागतो. त्यांतील ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे. ‘आर’ म्हणजे आंत रोधक आहे. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. त्याच जागीं ‘एच’ असेल तर लांबी १२.७ मिलिमीटर. माझ्या पंपाचें सारें भांडण या एका अक्षराचें होतें. आंखूड प्लगाची ठिणगी भोंकाच्या आंतच राहते, तिला ताजें मिश्रण नीट मिळत नाहीं, आणि उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी धरते. लांब प्लग आंखूड भोंकांत घालणें याहून वाईट, कारण तो दट्ट्यावर आदळूं शकतो.

मधला ६ हा आंकडा उष्णतेचा. प्लगाचें टोक सुमारें ४५० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें तरच काजळी आपोआप जळून जाते, आणि ८५० अंशांच्या फार वर गेलें तर ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटूं लागतें. यासाठीं कांहीं प्लग ‘गरम’ व कांहीं ‘थंड’ घडवितात. येथें एक फसगत आहे, ती नीट ध्यानांत ठेवावी : एनजीकेच्या प्लगांत आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या प्लगांत आंकडा जितका मोठा तितका प्लग गरम. १९५१ सालीं निघालेल्या मायको कंपनीचें नांव २००८ सालीं बॉश असें झालें, त्यामुळें जुन्या मायको प्लगाच्या सवयीनें आंकडा पाहणाऱ्याचा घोटाळा होतो. एका कंपनीच्या ऐवजीं दुसरीचा प्लग घ्यावयाचा असेल, तर आंकड्यास आंकडा न जुळवितां तुलनेचा तक्ता पाहावा, किंवा इंजिनाच्या पुस्तकांत दिलेलाच प्लग घ्यावा.

दुसरा दोष फटीचा. वर सांगितलेल्या प्लगाची फट पंपाच्या इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. पाठीवरच्या फवाऱ्याच्या लहान इंजिनांत ती याहून थोडी कमी असते. नवा प्लग म्हणजे फट बरोबरच, असें समजूं नये. डबी खालीं पडली तरी पट्टी दबते. मोजण्याची पाती नसल्यास लोखंड कापण्याच्या हातकरवतीचें पातें घालून पाहावें. त्याची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर असते. तें सहज जाऊन किंचित् सैल राहिलें तर काम भागतें. पट्टी वांकवावी, मधल्या दांडीस हात लावूं नये, नाहींतर चिनीमाती तडकते. ही तडक केंसाएवढी असली तरी पुरते. उघड्या हवेंत ठिणगी चांगली दिसली म्हणून प्लग निर्दोष ठरत नाहीं. दाबलेल्या मिश्रणांतून उडी घेण्यास कितीतरी अधिक व्होल्ट लागतात, आणि सरळ वाट अशी कठीण झाली म्हणजे वीज तडकेची चोरवाट धरते. भार पडल्यावरच ठोका चुकणें, हें याचें लक्षण.

प्लगाच्या माथ्यावरील छोटें नट हा दोष हास्यास्पद वाटेल, पण तो फार सांपडतो. कांहीं टोप्यांस हें नट लागतें, कांहींस नुसता आट्यांचा खिळा लागतो. नवा प्लग नटासह येतो किंवा नटावांचून येतो, आणि टोपी वरवर बसल्यासारखी दिसते, आंत मात्र धरत नाहीं. नट सैल असलें तरीही तोच परिणाम. टोपी दाबतांना ती ‘कट्’ करून बसली पाहिजे.

प्लग नेहमीं इंजिन थंड असतां काढावा. माथा ॲल्युमिनियमचा असल्यामुळें तापलेल्या स्थितींत आटे खरवडून निघतात. काढण्यापूर्वीं भोंवतालची माती फुंकून टाकावी. नवा प्लग बोटांनीं पूर्ण बसेपर्यंत फिरवावा, मग पान्यानें अर्धा फेरा द्यावा, म्हणजे त्याची चकती दबते. जुनाच परत घालतांना एक अष्टमांश ते पाव फेरा पुरे. सैल प्लगांतून दाब निसटतो व टोक तापतें. आणि पान्यास नळी लावून जोर करणारा मनुष्य आटे घालवून बसतो.

प्लग निर्दोष ठरला तर टोपी व तार पाहावी. टोपी काढतांना तार धरून ओढण्याची आपली खोड आहे, त्यानें तार आंतल्या आंत सुटते. रात्रीं काळोखांत, पेट्रोल कोठें सांडलेलें नाहीं अशी खातरी करून, इंजिन चालू ठेवावें व दुरून पाहावें. तारेवरून इंजिनाच्या अंगाकडे निळी ठिणगी उडतांना दिसली, तर दोष तेथेंच आहे. चालू इंजिनाची टोपी उघड्या हातानें धरूं नये, आणि टोपी मोकळी ठेवून दोरी ओढूं नये. त्यानें कॉइल बिघडण्याचा धोका असतो. ठिणगी पाहावयाचीच असल्यास प्लग टोपींत घालून त्याचें कवच इंजिनाच्या लोखंडास टेकवावें, तें प्लगाच्या भोंकापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ निघते.

ज्यांच्याकडे चार सिलिंडरची जुनी जीप किंवा पेट्रोल गाडी आहे, त्यांनीं चारही तारा एकदम काढूं नयेत. ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असा असतो, आणि दोन तारांची अदलाबदल झाली कीं गाडी उड्या मारूं लागते. एक तार, एक प्लग, मग दुसरी. एकच सिलिंडर मेलेला असेल, तर इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्यांत घालावा. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लग वाईट. तेथेंच राहिला तर तार, कॉइल किंवा सिलिंडर.

काढलेला जुना प्लग हा साक्षीदार आहे. टोक फिकट तपकिरी असेल, तर इंजिन बरें होतें आणि प्लग बदलण्याची गरजही कदाचित् नव्हती. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जातें, चोक अर्धवट राहतो किंवा गाळणी मातीनें बुजली आहे. ओली तेलकट काळी असेल, तर तेल जळतें. दोन धावांच्या फवाऱ्यांत तेल अंदाजानें ओतण्याचा तो परिणाम. पांढरें व फुगलेलें टोक हें अति तापल्याचें चिन्ह. नवा प्लगही तासाभरांत पुन्हां तसाच काळा झाला, तर त्याला दोष देऊं नये.

पंपाच्या कांहीं इंजिनांत तेलाची पातळी उतरली कीं ठिणगी आपोआप तोडणारी योजना असते. शेततळ्याच्या उतरत्या बांधावर पंप तिरपा ठेवला, तर तेल पुरेसें असूनही इंजिन बंद पडतें. प्लग खोलण्यापूर्वीं पंप सपाट जागीं ठेवून पाहावा.

शेवटीं पेट्रोल. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें. त्यांतील कांहीं आपल्याच उसाचें, म्हणून त्याचा राग नाहीं; परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून तळाशीं वेगळीं बसतात. पावसाळाभर अर्ध्या कॅनमध्यें राहिलेलें पेट्रोल कांचेच्या बाटलींत ओतून घटकाभर ठेवावें. खालीं वेगळा थर दिसला तर तें इंजिनांत घालूं नये. आणि पंप हंगामानंतर ठेवून देतांना नळी बंद करून, इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत चालूं द्यावें व कार्बुरेटरच्या वाटींतील उरलेलें पेट्रोल खालच्या स्क्रूनें काढून टाकावें. माझ्या पंपाचा जुना प्लग मी त्याच वेळीं काढून, पुसून, अंक व फट लिहिलेल्या चिठ्ठीसह डबींत ठेवतों. दुकानीं जातांना तीच डबी खिशांत असते.