पायांचे काम हातांकडे

मोटार चालवणाऱ्या माणसाकडे तुम्ही कधी नीट लक्ष देऊन पाहिले आहे का? त्याचे हात चाकावर असतात, ते आपल्याला दिसते. पण निम्मे काम खाली पायांशी चाललेले असते. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर आणि ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर जातो. डावा पाय क्लच दाबतो. समजा, या माणसाच्या पायांतली शक्तीच गेली, तर त्याला मोटार चालवता येईल का? आणि तीही वेगवान स्पोर्ट्स कार?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ३० मार्च १९८० रोजी अमेरिकेतील लाँग बीच येथील शर्यतीत स्वित्झर्लंडच्या क्ले रेगात्सोनी या चालकाच्या गाडीचा ब्रेक निकामी झाला. अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. तरीही पुढे हातांनी चालणारी नियंत्रणे बसवून घेऊन तो पुन्हा शर्यतींत उतरला. हे कसे साधले, ते आपण पाहू.

इजा कोठे झाली?

मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधून जातात. रज्जू जेथे दुखावतो, त्याच्या खालच्या भागाशी असलेला संपर्क तुटतो. इजा कमरेजवळ असेल तर हात, छाती व पोटाचे स्नायू शाबूत राहतात. छातीच्या पातळीवर असेल तर हात चांगले असतात, पण धड सावरता येत नाही. मानेशी असेल तर हातही दुबळे होतात. म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न गाडीविषयी नसतोच. चालकाचे कोणते स्नायू काम देतात, हे डॉक्टरांकडून आधी समजून घ्यावे लागते.

गाडीत बसावे कसे?

स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर ती स्थिर राहते. पण चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्याला हाच गुण अडचणीचा ठरतो. समजा, खुर्चीची बैठक गाडीच्या आसनापेक्षा २५ सेंटिमीटर उंच आहे. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाला बाहेर येताना ६० × ९.८ × ०.२५ म्हणजे १४७ ज्यूल कार्य करावे लागेल. जिन्याची दीड पायरी चढण्याइतकेच हे काम, पण ते एकट्या हातांनी करायचे! दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते, ही मात्र सोय आहे. खुर्ची सुटी करून तिचे भाग त्यातून आत घेता येतात. गिअर आपोआप बदलणारी गाडी निवडली, की क्लचचे पेडल उरतच नाही.

तरफेचे गणित

आता मुख्य प्रश्न ब्रेकचा. पायाचे स्नायू मोठे असतात आणि पाठ आसनाला टेकलेली असते, म्हणून पाय भरपूर जोर लावू शकतो. बसल्या जागी हाताला तेवढा जोर साधत नाही. येथे आपली जुनी मैत्रीण तरफ मदतीला येते. समजा, पेडलवर ३० किलोग्रॅम भाराइतका जोर हवा आहे आणि हात फक्त १० किलोग्रॅम भाराइतका जोर सहज देतो. तरफेचा हाताकडचा भाग पेडलकडच्या भागाच्या तिप्पट लांब केला, की काम झाले.

पण निसर्ग काही फुकट देत नाही. जोर तिपटीने वाढला, तर हाताला अंतरही तिप्पट कापावे लागते. पेडल ५ सेंटिमीटर दबायचे असेल, तर हात १५ सेंटिमीटर पुढे गेला पाहिजे. ठेंगण्या गाडीत गुडघे व समोरची फळी जवळजवळ असतात. ब्रेक पुरता लागण्याआधीच दांडा फळीला अडला, तर? म्हणून ही मापे गाडी विकत घेण्यापूर्वीच घ्यायची असतात.

ढकलायचे की ओढायचे?

हातदांड्याच्या बहुतेक रचनांत ब्रेकसाठी दांडा पुढे ढकलायचा असतो. का बरे? गाडीचा वेग एकदम कमी झाला, की जडत्वामुळे आपले शरीर पुढे झुकते. दांडा ढकलायचा असेल, तर हे झुकणे ब्रेकला मदतच करते. ओढायचा असता, तर चालकाला स्वतःच्याच शरीराविरुद्ध झगडावे लागले असते.

वळणावर कोण सावरणार?

ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर केंद्रगामी त्वरण १६.७ × १६.७ ÷ ५० = ५.६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याहून अधिक आहे. अशा वेळी आपण नकळत पाय रोवतो. ज्याला ते जमत नाही, तो चाकालाच लोंबकळू लागेल आणि गाडी भलतीकडे वळेल! म्हणून दोन्ही कडांना उंचवटे असलेले आसन आणि छातीला धरून ठेवणारा पट्टा हवा.

आणखी दोन गोष्टी विसरून चालत नाही. लुळ्या पायांना कधी कधी आपोआप झटके येतात. पाय पेडलवर पडू नये म्हणून मध्ये आडोसा बसवतात. शिवाय त्वचेला चटका किंवा दाब जाणवत नाही, म्हणून गरम भागांपासून पाय दूर ठेवावे लागतात आणि बैठक मऊ करावी लागते.

पुढचे पाऊल

कॅनडाचा रॉबर्ट विकेन्स २०१८ सालच्या अपघातात जायबंदी झाला. २०२३ साली त्याने हातनियंत्रणांच्या गाडीतून अमेरिकेतील एका शर्यतमालिकेचे विजेतेपद मिळवले. २०२५ साली तो लाँग बीच येथेच कॉर्व्हेट घेऊन उतरला. तिच्यात हाताची आज्ञा ब्रेकपर्यंत विजेच्या संदेशाने पोचत होती. अमेरिकेच्या सॅम श्मिट याचे तर हातही लुळे आहेत. २०१४ साली त्याने इंडियानापोलिसच्या मार्गावर ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेग गाठला. डोके वळवले की कॅमेरे ती हालचाल टिपून चाक फिरवत. वेग वाढवण्यासाठी डोके मागे झुकवायचे आणि ब्रेकसाठी तोंडातील संवेदक दातांनी दाबायचा, अशी सोय केली होती.

आपल्याकडेही २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा अनुकूल करून घेतलेल्या वाहनाची व्याख्या आली आहे. गाडीतील बदलाची नोंद मात्र परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते.

करून पाहा

३० सेंटिमीटरची पट्टी मधोमध पेन्सिलीवर तोलून धरा. एका बाजूला टेकूपासून ५ सेंटिमीटरवर दोन सारखी नाणी एकावर एक ठेवा. दुसऱ्या बाजूला तसेच एक नाणे कोठे ठेवले म्हणजे तोल साधतो? आता पट्टी हलवून दोन्ही बाजूंची नाणी किती किती वर-खाली होतात ते मोजा. मग सांगा: हाताचा जोर चौपट करायचा असेल आणि पेडल ४ सेंटिमीटर दाबायचे असेल, तर हातासाठी किती जागा मोकळी हवी?