ख्रिस्ती श्रद्धा आणि मराठी लेखणी

शाळेंत निबंधाचा विषय दिला कीं एक चमत्कारिक गोष्ट नेहमीं दिसून येते. विषय 'कपाशीची वेचणी' किंवा 'तापीचा पूर' असा असला, म्हणजे खानदेशांतील मुलाची लेखणी भराभर चालते. वाक्यें ओबडधोबड असतील, पण तीं त्याचीं स्वतःचीं असतात. तोच विषय 'प्रभूचें प्रेम' किंवा 'प्रार्थनेचें सामर्थ्य' असा दिला, कीं तीच लेखणी सणाचा कोट चढवून ताठ उभी राहते. मग कागदावर उतरतात तीं उपासनेच्या वेळीं कानावर पडलेलीं वाक्यें. निर्दोष, परंतु निर्जीव. मुलाच्या अंगीं श्रद्धा नसते असें नव्हे. श्रद्धेनेंही घरच्याच भाषेंत बोलावें, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. प्रस्तुत लेखांत, ज्यांनीं आपली ख्रिस्ती श्रद्धा मराठींत लिहून दाखविली, अशा कांहीं थोरांचा याच एका दृष्टीनें विचार करावयाचा आहे.

आरंभ एका परदेशीय माणसापासून करावा लागतो. फादर स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक १५७९ सालीं गोव्यास आले. तेथें नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें त्यांच्या हातून गेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं मिळाली होती ती प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पोथी. प्रश्नोत्तरें पाठ होतात. तीं संध्याकाळीं चार माणसें जमवून कोणी ऐकत बसत नाहीं. स्टीफन्स यांनीं ही उणीव ओळखली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापून प्रसिद्ध झालें. लॅटिन आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या या विद्वानानें ख्रिस्तचरित्रासाठीं ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवी छंद निवडावा, आणि वर मराठी भाषेची थोरवीही गावी, याचा अर्थ उघड आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला जी चाल लहानपणापासून ओळखीची, तिच्यांतूनच नवी वार्ता त्याच्या अंतःकरणांत शिरते.

एकोणिसाव्या शतकांत बेळगांवचे बाबा पदमनजी झाले. त्यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें, व पुष्कळ अभ्यासक त्याला मराठींतील पहिली कादंबरी मानतात. कादंबरी या नात्यानें ती आजच्या वाचकाला जड वाटेल हें कबूल केलें पाहिजे. उपदेश जेथें तेथें डोकें वर काढतो. परंतु विधवांचीं दुःखें तीत लेखकानें जवळून पाहिलेलीं दिसतात, आणि जेथें तीं सांगितलीं आहेत, तेथें पुस्तक जिवंत होतें. उपदेशाचीं पानें मात्र वाचकाच्या हातून भराभर उलटतात.

आतां ज्यांच्याविषयीं अधिक विस्तारानें लिहावयाचें, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले हे चित्पावन ब्राह्मण ख्रिस्ती होण्यापूर्वींच संस्कृतज्ञ व कवि म्हणून पुढें आलेले होते. आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचावयाची असें वचन दिलेलें असल्यामुळें ते वाचीत गेले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या एका कृत्याची किंमत थोडी नव्हती. आप्त तुटले, आणि पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढें टिळकांच्या पद्यांत जी व्याकुळता दिसते, ती पुस्तकांतून उचललेली नाहीं. तिच्यामागें हें भोगणें आहे.

टिळकांच्या पूर्वीं ख्रिस्ती मंडळ्यांतून इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें पुष्कळ गाइलीं जात. चाल परकी, आणि तिच्यांत बसावें म्हणून मराठी शब्दांचे हातपाय आखडून धरलेले! गाणाऱ्याची भक्ति खरी असली, तरी त्याची जीभ अडखळे. टिळक तुकोबांच्या अभंगांवर वाढलेले. तुकारामरूपी पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, असें ते सांगत. तेव्हां आपल्या नव्या प्रभूशीं बोलतांना ते अभंगाकडेच वळले, यांत नवल नाहीं. 'अभंगांजलि' हा त्यांचा संग्रह याची साक्ष आहे. भजन आणि कीर्तन हीं ख्रिस्ती उपासनेंत रुजावींत यासाठींही त्यांनीं फार खटपट केली. आज महाराष्ट्रांतील कोणत्याही पंथाच्या मंदिरांत जा. टिळकांचें पद गाइलें जात नाहीं असें मंदिर विरळा.

येथें विद्यार्थ्यांच्या मनांत एक शंका येईल. श्रद्धेनें लिहावयाचें म्हणजे प्रत्येक ओळींत प्रभूचें नांव आलें पाहिजे काय? टिळकांकडे पाहतां तसें वाटत नाहीं. 'वनवासी फूल' लिहिणाऱ्या या कवीला लोकांनीं फुलामुलांचा कवि म्हटलें. फूल, पांखरूं, लहान मूल यांवर त्यांनीं लिहिलें, तें कांहीं उपदेशाला साखर लावावी म्हणून नव्हे. ज्यानें तें फूल घडविलें, त्याच्यावर प्रेम असल्यामुळें फुलाकडे त्यांना नीट पाहवत होतें, इतकेंच. माझ्या मतें नीट पाहणें हीच लेखकाची पहिली उपासना होय, आणि आपल्याकडे ती सर्वांत कमी शिकविली जाते.

दुसरी एक गोष्टही ध्यानांत घ्यावी. १८४२ सालीं अहमदनगरास सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचें संपादन टिळकांकडे १९१२ पासून १९१९ मध्यें त्यांचा अंत होईपर्यंत होतें. पत्राचा अंक ठरल्या वेळीं निघावा लागतो. मग लेखकाची वृत्ति लागलेली असो वा नसो. लिहिण्याची आवड ही एकदम वीज चमकावी तशी येते असें पुष्कळांना वाटतें. वीज चमकतेही, पण दिव्यांत तेल रोज घालावें लागतें.

आतां आपल्या खानदेशाकडे येऊं. १९०७ सालीं जळगांव येथें महाराष्ट्रांतील पहिलें कविसंमेलन भरलें. डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. तेथें धरणगांवीं जन्मलेल्या, सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलानें आपली कविता म्हणून दाखविली, आणि अध्यक्षांनीं त्याला 'बालकवि' ही पदवी दिली. हेच त्र्यंबक बापूजी ठोमरे. पुढें नगरास टिळकांच्या घरीं हा मुलगा कांहीं काळ राहिला आणि त्या घरचाच झाला. त्या घरीं राहूनही ठोमरे ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यामुळें तेथील प्रेम उणें झालें नाहीं. लक्ष्मीबाईंनीं त्यांच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या आईनें लेकराच्या लिहाव्या तशा. ५ मे १९१८ रोजीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून बालकवींचा अंत झाला. वय अवघें सत्तावीस. जळगांवाहून भुसावळकडे जातांना हें लहानसें स्टेशन लागतें. विद्यार्थ्यांपैकीं कित्येक तेथून नेहमीं जात असतील.

टिळकांच्या लेखनाचा विचार करतांना मी हें प्रकरण बाजूला ठेवीत नाहीं. स्वतः चांगलें लिहिणें ही एक गोष्ट. दुसऱ्याच्या प्रतिभेला आपल्या घरांत जागा, जेवण आणि धीर देणें ही दुसरी. श्रद्धेचें फळ म्हणून पाहिलें तर दुसरी पहिलीहून कमी नाहीं.

याच जळगांवाजवळच्या असोद्यांत १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांना लिहितांवाचतांही येत नव्हतें. शेतांत राबतांना, जात्यावर बसतांना त्या ओव्या रचीत, आणि घरच्या माणसांनीं त्या उतरून घेतल्या. १९५१ सालीं त्या वारल्या. पुढील वर्षीं त्यांचीं गाणीं छापून निघालीं, तेव्हां खानदेशाची बोली काय सांगूं शकते हें सबंध महाराष्ट्रानें थक्क होऊन पाहिलें. ज्या बोलीला वर्गांत आपण लाजतों, ती हीच. तिच्यांत प्रार्थना लिहून पाहावयास कोणाची हरकत आहे?

एक अभ्यास सुचवितों. लूकाच्या शुभवर्तमानांत हरवलेल्या नाण्याचा दृष्टांत आहे: दहांपैकीं एक नाणें हरवलें, म्हणून बाई दिवा लावते, घर झाडते आणि सांपडेपर्यंत शोधते. हा दृष्टांत आपल्या घरांत घडला असें समजून लिहावा. घर धाब्याचें, जमीन शेणानें सारवलेली, कोपऱ्यांत ज्वारीची कणगी, आणि वीज गेलेली. नाणें कोणत्या पैशाचें होतें? दादरच्या भाकरी थापतां थापतां तिला आठवण झाली, कीं झोंपण्यापूर्वीं? शेजारणींना बोलावलें, त्या काय म्हणाल्या, आणि कोणत्या शब्दांत? 'पश्चात्ताप', 'तारण', 'कृपा' हे शब्द या लेखांत एकदांही येऊं नयेत, एवढीच अट. ते शब्द वाईट आहेत म्हणून ही अट नव्हे. प्रभूनेंही ती गोष्ट सांगतांना आधीं दिवा, केरसुणी आणि शेजारणीच सांगितल्या, त्यांतच अर्थ उतरला, आणि मग एका वाक्यांत त्याचा उलगडा केला. लेखकानें आधीं पहिला भाग करावयास शिकावें.

हें ज्यांना सर्वांत उत्तम साधलें, त्या लक्ष्मीबाई टिळक. नाशिकजवळच्या जलालपुरांत १८६८ सालीं जन्म. सोंवळ्याच्या अतिरेकानें सारें घर वेठीस धरणारे वडील. १८८० सालीं लग्न. शाळा त्यांनीं पाहिलीच नाहीं. अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या हौसेनें, संसाराच्या धबडग्यांत. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हां त्यांच्यावर आकाश कोसळलें. पुढें त्या टिळकांकडे परत आल्या, तरीही त्यांनीं आपलें सोंवळें लगेच सोडलें नाहीं. पाणी निराळें, स्वयंपाक निराळा. जातिभेदाची गांठ त्यांनीं स्वतःच्या विचारानें, हळूहळू सोडविली, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेला उशीर लागला, पण ती दुसऱ्याकडून उसनी घेतलेली नव्हती.

त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. मराठींतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्यांची गणना होते, आणि तीही ख्रिस्तेतर रसिकांकडून, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या पुस्तकांत टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, घरांत पैसा नसतां दुसऱ्याला देऊन टाकण्याची संवय आहे. स्वतःच्या चुका, भित्रेपणा, फजिती तर पानोपानीं आहे. थोर पतीची मूर्ति शेंदूर फांसून उभी करणें त्यांना सहज शक्य होतें. भोंवतालच्या लोकांना तें आवडलेंही असतें. त्यांनीं तें केलें नाहीं. खोटें न सांगणें हा त्यांच्या धर्माचा भाग होता, आणि म्हणूनच त्यांच्या पुस्तकांत वाचक हंसतां हंसतां गंभीर होतो. भाषा तर अशी, कीं समोर बसून तांदूळ निवडीत कोणी वडीलधारी बाई बोलत आहे.

टिळकांनीं १९०९ सालीं 'ख्रिस्तायन' हें ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य हातीं घेतलें होतें. दहा-अकरा अध्याय झाले, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते वारले. अपुरें काव्य तसेंच पडून राहावें, किंवा एखाद्या पंडितानें तें पुरें करावें, असेंच कोणीही म्हटलें असतें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं. जिला बाराखडी नवऱ्यानें शिकविली, तिनें उतारवयांत त्या नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या काव्याला साठाहून अधिक अध्याय जोडले. त्या १९३६ सालीं गेल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्यें छापून निघालें.

ग्रंथसंग्रहांत हें पुस्तक मिळाल्यास वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं टिळकांचा शेवटचा अध्याय आणि त्यापुढचा लक्ष्मीबाईंचा पहिला, असे दोन लागोपाठ मोठ्यानें वाचावे. शब्द कोठें संस्कृताकडे झुकतात आणि कोठें स्वयंपाकघराकडे, याची टांचणें वहींत करावीं, आणि तीं वर्गांत घेऊन यावीं.