शुद्ध स्फटिकाची साक्ष

लोहचुंबकाला दोन ध्रुव असतात, हें आपण जाणतों. कांहीं स्फटिकांना विजेचेहि धन व ऋण असे ध्रुव असतात. विद्युद्दाबानें ते उलटतात व दाब काढल्यावरहि तसेच राहतात. बिस्मथ फेराइटांत विद्युत् व चुंबकीय अशा दोन्ही रचना एकत्र नांदतात.

२००३ सालीं, ज्यांत सतीशचंद्र ओगले व उमेश वाघमारे हे होते, अशा संशोधकमंडळानें या पदार्थाचा, आपल्या वर्ध्याच्या कापसाच्या तंतूहूनहि कितीतरी पातळ असा थर तपासला. त्याची विद्युत्-ध्रुवता जुन्या जाड नमुन्यांच्या सुमारें दसपट भरली! हा पातळपणाचाच प्रताप, असें वाटलें. परंतु २००७ सालीं शुद्ध, जाड स्फटिकांतहि तितकीच ध्रुवता आढळली. उणीव पदार्थांत नव्हती. जुने नमुनेच सदोष होते.

एका परीक्षेचे गुण पाहून मुलाची योग्यता ठरविण्यापूर्वीं आम्हीं शिक्षकांनीं, व पालकांनींहि, हें स्मरावें.